पाचनंतरचे दोन तास

जुलै-ऑगस्ट आला की चंदीगडमध्ये नवी मराठी मुलं दिसू लागतात. कुणी पीजीआयला एमडी करायला आलेलं असतं, कुणी पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजात, म्हणजे पेकमध्ये, बीटेकला, कुणी पंजाब विद्यापीठात, कुणी पलीकडे मोहालीच्या आयसरमध्ये. पीजीत खोली मिळते, मेसच्या राजम्याची सवय होते आणि मग त्यातली काही रविवारी आमच्याकडे जेवायला येऊ लागतात. वरणभात पोटात गेला की मनातलं बाहेर पडतं. फोनमध्ये लिहून ठेवलेल्या याद्या मला दाखवल्या जातात. पहाटे पाचला उठायचं, वर्षाला पन्नास पुस्तकं, साखर बंद, जिम सुरू, जर्मन शिकायचं, आत्मविश्वास वाढवायचा. आणि शेवटी ठरलेला प्रश्न येतो, "काका, यातलं काहीच पंधरा दिवसांच्या वर टिकत नाही. करू काय?"

मी जन्मभर उपकरणांच्या कार्यशाळेत काम केलं आणि नव्या पोरांना हातकाम शिकवलं. आईनं जे कानात सांगितलं, उस्तादांनी जे हातात दिलं आणि या शहरानं जे डोळ्यांनी दाखवलं, तेवढंच माझ्याजवळ आहे. ते तुमच्या हवाली करतो.

पहिलं म्हणजे ती यादी बाजूला ठेवा आणि तिच्यातली एकच गोष्ट निवडा. एकच. बाकीच्या कुठं पळून जात नाहीत. आणि त्या एका गोष्टीसाठी आयुष्य बदलू नका, दिवस बदलू नका. नोकरी, कॉलेज, ड्यूटी आहे तशी चालू दे. काम सुटल्यावर जो वेळ उरतो, त्यात ती करा.

हे मी रॉक गार्डन घडवणाऱ्या नेकचंद सैनींकडे बघून शिकलो. रॉक गार्डनचं तिकीट काढून फोटो तर सगळेच काढतात, पण त्या बागेतलं शिकण्यासारखं आहे ते ती कशी उभी राहिली यात. नेकचंदजींचा जन्म १९२४ चा, शकरगढ तहसिलीतला, तो भाग आता पाकिस्तानात आहे. फाळणीत घर सुटलं. १९५१ मध्ये ते चंदीगडला सार्वजनिक बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टर म्हणून लागले. शहर तेव्हा बांधलं जात होतं. ल कोर्बुझिए आणि पिएर जानरे या वास्तुविशारदांच्या आराखड्याप्रमाणे सेक्टर आखले जात होते, आणि त्यासाठी इथली जुनी गावं उठवली गेली होती. त्या गावांच्या पडक्या भिंतींखाली काय नव्हतं! टिचलेल्या कपबश्या, बांगड्यांच्या काचा, फुटक्या चिनीमातीच्या बरण्या, मोडके नळ, विजेची जुनी बटणं. ते सगळं कचरा म्हणून पडलेलं होतं.

१९५७ पासून हा माणूस दिवसभर रस्त्यांची देखरेख करून, ड्यूटी संपल्यावर सायकलीवरून तो कचरा आणू लागला. नदीनाल्यांच्या पात्रांतून चित्रविचित्र आकाराचे दगड आणू लागला. सुखना तलावाजवळच्या, बांधकामाला बंदी असलेल्या झाडीत त्यानं एक झोपडी घातली आणि तिथं माणसं, पक्षी, हरणं, माकडं घडवू लागला. रात्री जुने टायर जाळून त्या उजेडात काम. सुट्टी मागितली नाही, नोकरी सोडली नाही, कुणाला सांगितलं नाही. साधारण अठरा वर्षं हे चालू होतं. १९७०च्या दशकात साहेबांच्या नजरेला ते पडलं, तेव्हा त्या झाडीत शेकडो मूर्ती उभ्या होत्या. पाडून टाकायची भाषा झाली, पण शहरातली जाणती माणसं आणि साधे लोक मध्ये पडले. १९७६ मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली. नेकचंदजींना सरकारनं पगारासह तेच काम दिलं, हाताखाली मजूर दिले. १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१५ मध्ये ते गेले. आज ती बाग सुमारे चाळीस एकरांची आहे.

मुलांनो, या गोष्टीतल्या पद्मश्रीकडे बघू नका. पाच वाजल्यानंतरच्या सायकलीकडे बघा. त्यांच्याकडे वेळ तुमच्यापेक्षा जास्त नव्हता. कलाशाळेचं शिक्षण नव्हतं. साहित्य होतं ते इतरांनी फेकलेलं. तुमच्याकडेही असं फेकलेलं पुष्कळ असतं. नापास झालेला पेपर, अर्धवट सोडलेली गिटार, दहावीपर्यंत शिकून विसरलेलं संस्कृत, आजीकडून ऐकलेल्या ओव्या. नवं काही विकत घेण्याआधी हे उकरून बघा. सुधारणेचा क्लास लावण्याआधी, पैसे भरण्याआधी, तुमच्याच ढिगाऱ्यात काय पडलंय ते पाहा. तोतरेपणामुळे लहानपणी वर्गात वाचायचं टाळणारा एक मुलगा मला ठाऊक आहे. घरी तो धाकट्या बहिणीला मात्र गोष्टी वाचून दाखवायचा. इथं आल्यावर तो पीजीतल्या एका अंध मुलासाठी रोज संध्याकाळी पाठ्यपुस्तकं मोठ्यानं वाचू लागला. वर्षभरात त्याची जीभ इतकी मोकळी झाली की सेमिनारमध्ये तो पुढं होऊन बोलायला लागला.

आता जागेचं. नेकचंदजींची जागा ठरलेली होती, तशी तुमचीही ठरलेली हवी. पीजीतल्या खाटेवर बसून अभ्यास होत नाही, कारण त्या खाटेला झोपेची आणि फोनची सवय असते. सेक्टर १७ ची टी. एस. सेंट्रल स्टेट लायब्ररी आहे, विद्यापीठात ए. सी. जोशी लायब्ररी आहे. जिथला नियम तुम्हाला लागू होईल तिथं सदस्य व्हा आणि रोज तीच खुर्ची धरा. खुर्ची ओळखीची झाली की मनाची समजूत काढत बसावं लागत नाही. फोन बॅगेत, बॅग पायाशी. तुमच्या पिढीला हे अवघड जातं हे मला दिसतं. म्हणून पहिले पंधरा दिवस फक्त अर्धा तास करा. अर्धा तास झाला की उठा, मन लागलेलं असलं तरी उठा. दुसऱ्या दिवशी यायची ओढ शिल्लक राहिली पाहिजे.

आणि सांगत सुटू नका. हा आईचा कानमंत्र. पीठ भिजवण्याआधी गावजेवणाचं आमंत्रण देऊ नये, असं ती म्हणायची. मी इतकी वर्षं पाहतोय, ज्या मुलानं "उद्यापासून सुरू करतोय" असं स्टेटस टाकलं, त्याला त्याच रात्री शंभर जणांची शाबासकी मिळते. शाबासकीची भूक भागली की काम करायला काही कारणच उरत नाही. सहा महिने कुणालाही सांगायचं नाही. फक्त एका माणसाला सांगायचं, आणि तो कोण, ते आता सांगतो.

माझे उस्तादजी फाळणीत सियालकोटकडून आलेले शीख मिस्त्री. त्यांच्याकडे नवा मुलगा आला की ते त्याला लोखंडाचा एक ठोकळा आणि एक कानस देत. ठोकळा व्हाइसमध्ये आवळायचा आणि एक बाजू सपाट करायची. बस्स, एवढंच काम. नव्या माणसाचा हात पुढं जाताना कानस खाली-वर झुलते, त्यामुळं कडा जास्त झिजतात आणि मध्ये गोलाई येते. मुलाला मात्र वाटतं, झालं सपाट. हात फिरवला तर गुळगुळीत लागतं. मग उस्तादजी काही न बोलता त्यावर गुण्या ठेवून तो उजेडासमोर धरत. पट्टी आणि लोखंड यांच्या फटीतून उजेडाची रेघ दिसे. त्याहून बारीक तपासणी हवी असेल तर सरफेस प्लेटवर निळा रंग पसरून त्यावर ठोकळा घासायचा. जिथं जिथं उंचवटा असेल तिथं निळा डाग लागतो. डाग दिसला की तेवढाच उंचवटा घासायचा, पुन्हा प्लेटवर ठेवायचा, पुन्हा डाग बघायचे. आठवडे जात. उस्तादजी ओरडत नसत. "अजून उजेड येतोय, बेटा," एवढंच म्हणत.

स्वतःवर काम करणाऱ्या माणसाचंही तसंच असतं. आपल्याच हाताला आपली गोलाई कळत नाही. आपण रागीट आहोत, की दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडतो, की वेळ पाळत नाही, हे आरशात दिसत नाही आणि डायरीत तर त्याहून कमी दिसतं, कारण डायरी लिहिणारे आपणच. म्हणून एक माणूस असा धरा जो तुमच्यावर गुण्या ठेवेल. तो मित्र असला तर फार लाड करणारा नसावा. लॅबमधला सीनियर, वॉर्डातली जुनी सिस्टर, शिकवणीचे सर, मोठी बहीण, कुणीही चालेल. महिन्यातून एकदा चहा पाजायचा आणि विचारायचं, "या महिन्यात माझ्याबरोबर काम करताना तुम्हाला कशाचा त्रास झाला?" 'मी कसा आहे' असं विचारलं की लोक 'छान' म्हणून मोकळे होतात. 'त्रास कशाचा झाला' असं विचारलं की खरं सांगतात. आणि उत्तर ऐकताना खुलासा द्यायचा नाही. एक शब्दही नाही. 'बरं' म्हणायचं, घरी यायचं, तेवढाच डाग घासायचा.

खुलासा न देणं किती कठीण आहे, हे आपल्या नामदेव महाराजांच्या गोष्टीतून कळतं. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताईनं गोरोबांना म्हटलं, काका, तुम्ही मडकी पारखता, आमच्यातलं कोण पक्कं, कोण कच्चं, सांगा. गोरोबांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं. बाकीचे शांत बसले. नामदेव मात्र चिडले. तेव्हा गोरोबांनी निवाडा दिला, हे मडकं कच्चं. नामदेव तेव्हा काही नवखे नव्हते, पांडुरंगाचे लाडके म्हणून त्यांचं नाव झालेलं होतं. अपमान गिळून ते औंढा नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले आणि शिष्य झाले, असं परंपरा सांगते. पुढं तेच नामदेव इकडं पंजाबात आले, परक्या मुलखातल्या लोकांच्या बोलीत गायले, आणि त्यांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबमध्ये आहेत. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचं स्थान आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये ८८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथंच भरलं होतं. चंदीगडहून चार-पाच तासांची वाट आहे. इथं शिकायला आलेल्या प्रत्येक मराठी मुलानं एकदा तरी जावं असं मला मनापासून वाटतं.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण तुमच्यातले बहुतेक जण आपापल्या गावात पहिले आलेले असतात. लातूरचा पहिला, नगरचा पहिला, अकोल्याची पहिली. आणि इथं पीजीआयच्या वॉर्डात किंवा आयसरच्या वर्गात बसल्यावर आजूबाजूचे सगळेच कुठले ना कुठले पहिले निघतात. पहिल्यांदाच आपण मधल्या रांगेत येतो. तेव्हा जो चिडका धक्का बसतो ना, तेच ते थापटणं. तो धक्का चुकवू नका. त्या वर्षी जो विचारायला शिकतो, 'मला हे येत नाही, दाखवाल का?', त्याचं पुढं सगळं सोपं होतं. मोठ्या मोठ्या गुणवंतांना हे एक वाक्य उच्चारता येत नाही.

शेजारच्याकडे किती बघावं, याचा धडा मिल्खासिंगांकडून घ्या. ते याच शहरात राहिले. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटरला ते चौथे आले, वेळ ४५.६ सेकंद, तिसऱ्याहून सेकंदाचा एक दशांश जास्त. आपण पुढं असताना मध्येच वेग आवरला, शेजारच्यांकडे बघितलं आणि तिथंच शर्यत गेली, ही खंत त्यांनी पुढं कितीदा तरी बोलून दाखवली. तुम्ही धावत असता तेव्हा शेजारची लेन तुमच्या खिशात वाजत असते. कुणाचं पॅकेज, कुणाचा व्हिसा, कुणाचं लग्न. दिवसातून एकदा, रात्री जेवण झाल्यावर बघा. धावताना नको.

आणि कुणी हसलं तर? इथल्याच कपिल देवनं एक आठवण अनेकदा सांगितली आहे. पोरवयात तो मुंबईला शिबिरात गेला. ताटात दोन कोरड्या पोळ्या पडल्या, तेव्हा त्यानं तक्रार केली, मी जलदगती गोलंदाज आहे, एवढ्यानं माझं भागत नाही. अधिकारी हसले, भारतात जलदगती गोलंदाज असतोच कुठं? त्यानं वाद घातला नाही. इथं परत येऊन देशप्रेम आझाद सरांच्या हाताखाली चेंडू टाकत राहिला, टाकत राहिला. १९९४ मध्ये तो थांबला तेव्हा त्याच्या नावावर कसोटीत ४३४ बळी होते, तेव्हाचा जागतिक विक्रम. पण मला त्या गोष्टीतली पहिली ओळ जास्त महत्त्वाची वाटते. त्यानं जेवण मागितलं. संकोचानं उपाशी राहिला नाही. आपली मराठी मुलं परमुलखात फार संकोच करतात. मेसमध्ये पोळी कमी पडली, रजई पातळ आहे, गाईड वेळ देत नाही, हे सांगायला लाजतात आणि आतल्या आत खंगतात. गरज नम्रपणे आणि स्पष्ट सांगणं हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे.

शरीराचं थोडक्यात सांगतो. इथला डिसेंबर-जानेवारी आपल्याकडच्यासारखा नसतो. दिवस दिवस धुकं हटत नाही, ऊन दिसत नाही, आणि मन उगाचच जड होतं. त्या दिवसांत पहाटे पाचचे संकल्प करू नका. सात तास झोपा, दुपारी जिथं ऊन सापडेल तिथं वीस मिनिटं बसा, संध्याकाळी सुखनाच्या काठानं चाला. सायकल घ्या. हे शहर सपाट आहे, सरळ रस्त्यांचं आहे, झाडांच्या सावलीचं आहे. सायकलीवरून ते जेवढं कळतं तेवढं कशानंच कळत नाही. आणि दोन भाज्या, वरण, पोळी एवढं स्वतःला करता आलंच पाहिजे, मुलगा असो की मुलगी.

एकटेपणावर मला माहीत असलेला सगळ्यात चांगला उपाय गुरुद्वारात आहे. सेक्टर १९ चा गुरुद्वारा आहे, पंचकुल्याकडे घग्गरच्या काठी नाडा साहिब आहे. डोकं झाका, लंगरमध्ये जा आणि जेवून झाल्यावर विचारा, "सेवा मिळेल?" कुणी तुमचं नाव, जात, मार्क विचारणार नाही. भांडी घासायला देतील, पोळ्या लाटायला देतील, नाहीतर जोडाघरात लोकांच्या चपला सांभाळायला देतील. शेजारी एखादा निवृत्त कर्नल बसून तेच करत असतो. महिन्यातून एक रविवार करा. स्वतःबद्दलचा विचार तेवढा वेळ पूर्ण थांबतो, आणि स्वतःच्या सुधारणेच्या मागं लागलेल्या माणसाला ती विश्रांती फार लागते.

पीजीआयच्या मुलांना जगदीशलाल आहुजांची गोष्ट तिथल्या भिंतीसुद्धा सांगतील. फाळणीत पेशावरहून आलेला पोरगा, फळांच्या गाडीवर पोट भरलं, पुढं केळ्यांच्या धंद्यात पैसा मिळवला. आणि मग वर्षानुवर्षं पीजीआयच्या बाहेर रुग्णांच्या नातेवाईकांना फुकट जेवू घातलं. त्यासाठी मालमत्ता विकली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, २०२१ मध्ये ते गेले. तुमच्यातले जे डॉक्टर आहेत त्यांना एवढंच सांगतो, बत्तीस तासांच्या ड्यूटीनंतर एखाद्या म्हाताऱ्यावर खेकसावंसं वाटेल तेव्हा फाटकाबाहेरची ती रांग आठवा. गावाकडून, डोंगरातून, रात्रभर बसनं आलेली माणसं असतात ती.

आणि एक गंभीर गोष्ट. कधी कधी सुधारणा वगैरे काही नको असते, नुसतं तग धरायचं असतं. सलग काही आठवडे झोप येत नाही, जेवण जात नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही, असं झालं तर त्याला आळस म्हणू नका आणि स्वतःला दोष देऊ नका. तो आजार असू शकतो आणि त्याला औषध आहे, उपचार आहेत. कॉलेजच्या समुपदेशकाकडे जा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, दिवसरात्र चालू असते. आईला फोन करा. आमची बेल वाजवा, रात्री दोन वाजता वाजवा. शेजारच्या खोलीतला मित्र बोलायचा बंद झाला असेल तर त्याचं दार तुम्ही वाजवा. संकोच इथं अजिबात नको.

राहिलं पैशाचं. घरून येतो तो पैसा असो की स्टायपेंड, महिन्याच्या पहिल्याच दिवशी त्यातला दहावा हिस्सा वेगळ्या खात्यात टाका, उरलेल्यात महिना काढा. रोजचा खर्च रात्री वहीत लिहा, फोनमध्ये नको, हातानं. मित्राला उसने दिलेत तर परत मागू शकाल एवढेच द्या. हप्त्यावर फोन घेऊ नका. आणि लिहिताना त्याच पानावर खाली एक ओळ टाका, आज पाचनंतर काय केलं. 'काही नाही' असेल तर 'काही नाही' असंच लिहा, खोटं लिहू नका. तीन महिन्यांनी ती वही घेऊन माझ्याकडे या. कोणत्या वाराला हात चालतो, कोणत्या वाराला अडतो, ते आपण दोघं बसून बघू आणि अडणारे वार सोडून देऊ.